मागच्या बाकावर ऐकू येते का?



बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या चर्चमध्ये सध्या नवीन साउंड सिस्टिम बसवण्याची घाई चालू आहे. कुठे फेस्ताचे निमित्त, कुठे सुवर्णमहोत्सवाचे, तर कुठे शेजारच्या धर्मग्रामात बसली म्हणून आपल्याकडेही. मीटिंगमध्ये तीन कोटेशने टेबलावर येतात आणि प्रश्न सुरू होतात : किती वॅट? किती बॉक्स? सर्वांत कमी कोणाचे? मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिले वाचन कळेल का, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचे भांडण याच्याशी आहे.

थोडे मागे जाऊ. आपल्या आजी-आजोबांच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. भाविक जपमाळ करीत बसत आणि घंटा वाजली की मान खाली घालीत. शब्द कळला नाही तरी चालत असे, कारण तो कळावा अशी अपेक्षाच नव्हती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि भाविकांनी उपासनेत जाणीवपूर्वक, मनापासून भाग घ्यावा असा आग्रह धरला. म्हणून मिस्सा मराठीत आली. या सीमाभागात मराठी, कोंकणी, कन्नड आणि इंग्रजी यांच्या ओढाताणीत रविवारची एक मराठी मिस्सा टिकवणे किती कष्टाचे आहे, हे आम्हांला सांगायला नको. आणि एवढे करून ती मराठी घुमणाऱ्या आवाजात विरघळून जात असेल, तर मागच्या दहा बाकांवर बसलेल्यांची मिस्सा अजून लॅटिनमध्येच चालली आहे.

हे आमचे एकट्याचे मत नव्हे. रोमन मिस्सलच्या सर्वसाधारण निर्देशांत ३११ वे कलम वाचा. धर्मगुरू, दीक्षित आणि वाचक हे भाविकांना नुसते दिसून चालणार नाहीत, ते अडचणीशिवाय ऐकूही आले पाहिजेत, आणि त्यासाठी आधुनिक साधने वापरावीत, असा त्याचा आशय आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचतो तो मुद्दाम त्यासाठीच बनवलेल्या लाकडी मंचावर उभा राहून, आणि लोकांना कळावे म्हणून लेवी त्याचा अर्थ समजावून देतात. (तो मंच बनवणारा सुतार हाच आपल्या साउंडवाल्यांचा पूर्वज म्हणायचा.) श्रद्धा ऐकण्यातून येते असे संत पौल रोमकरांना लिहितो. ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यासमोर आपण काय वाढून ठेवतो आहोत?

आता वॅटचे पाहू. आपल्या चर्चची छपरे उंच, भिंती दगडी, खाली गुळगुळीत फरशी आणि खिडक्यांना काचा. अशा जागेत बोललेला शब्द लगेच मरत नाही, भिंतीभिंतीवर आपटत राहतो आणि पुढच्या शब्दावर येऊन पडतो. बोलणे स्वच्छ कळायचे तर घुमणे साधारण एका सेकंदाच्या आसपास विरले पाहिजे. आपल्या मोठ्या चर्चमध्ये ते तीन-तीन सेकंद रेंगाळते. आवाज वाढवला की शब्द वाढतो आणि त्याच्याबरोबर घुमणेही तेवढेच वाढते. म्हणजे जास्त वॅटचे पैसे देऊन आपण जास्त गोंगाट विकत घेतो.

हे शास्त्र काही कालचे नाही. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला त्याचे कारण शोधायला सांगण्यात आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि गाद्या वाढतील तसा आवाज किती लवकर विरतो ते मोजले. तिथे एक शब्द साडेपाच सेकंद घुमत होता! सॅबिनला हेही दिसले की माणसाचे शरीर आणि कपडे आवाज शोषून घेतात. म्हणून रिकामे चर्च आणि भरलेले चर्च ही आवाजाच्या दृष्टीने दोन वेगळी चर्च असतात. जो काँट्रॅक्टर मंगळवारी दुपारी येऊन, टाळी वाजवून, टेप लावून जातो आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवतो, त्याने आपले अर्धेच चर्च पाहिले. त्याला रविवारच्या मिस्सेला बोलवा. सगळे पंखे चालू असताना मागे उभे करा. आणि ज्यांच्या चर्चवर पत्रा आहे त्यांनी त्याला विचारावे, एप्रिलमध्ये घेतलेल्या मापात जुलैचा पाऊस कुठे धरला आहे?

काम जाणणारा माणूस वॅटपासून सुरुवातच करीत नाही. स्पीकर छताकडे न पाहता बाकांकडे कसे पाहतील, त्याबद्दल तो बोलतो. भिंतीलगतचे उंच, अरुंद कॉलम स्पीकर सुचवतो. मागच्या स्पीकरना किती उशीर द्यायचा हे सांगतो, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वेदीपासून तीस-चौतीस मीटरवर बसलेल्याला जवळच्या स्पीकरमधून शब्द आधी आणि पुढच्या स्पीकरमधून तोच शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने नंतर ऐकू आला, तर दोन्ही मिळून काहीच कळत नाही. तो तुम्हांला माइक कमी करायलाही सांगेल. उघडा असलेला प्रत्येक माइक आपल्याला शिट्टीच्या जवळ नेतो. गायकवृंदाचे सहा माइक शुभवर्तमानाच्या वेळीही चालू ठेवायचे आणि मग मशीन खराब आहे म्हणायचे, हे आपल्याकडे नेहमीचे.

आता अवघड विषय. ‘आपलाच माणूस आहे, त्याला काम मिळू द्या.’ बंधुभाव चांगलाच. पण लग्नाच्या मंडपात गाणी वाजवणे आणि दगडी चर्चमध्ये शब्द पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यात आपलाच माणूस म्हणून बिल नाही, वॉरंटीचा कागद नाही, वायरी कुठून गेल्या त्याचा नकाशा नाही. वर्षभरात खरखर सुरू होते. त्याला बोलायची चोरी, कारण तो प्रत्येक रविवारी समोर बसतो. एका धर्मग्रामात अशाच कामावरून दोन घराण्यांनी शांतीचिन्ह देणे सोडलेले आम्ही पाहिले आहे. आपल्या माणसाला काम द्यायचे तर परक्यापेक्षा जास्त चोख लिहून द्यावे आणि शेवटचा हप्ता पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवावा.

आणि ती एलईडीची भिंत! गीतांचे शब्द पडद्यावर आले तर गाणे वाढते, हे आम्ही मान्य करतो. पण क्रूसाच्या मागे रंगीत ढग हलत असताना अर्पणाकडे लक्ष कोणाचे राहणार? भिंतीला दाता लगेच मिळतो, कारण खाली संगमरवरी पाटी लावता येते. वायरीवर नाव कोरता येत नाही. त्यातून श्रवणयंत्र लावणाऱ्यांसाठी फरशीखालून तारेचे वेटोळे टाकता येते. यंत्रावर ‘टी’ची सोय असेल तर माइकमधला शब्द थेट कानात पोहोचतो. चर्चची फरशी बदलताना हे काम सहज होते. आमच्या ऐकिवात तरी कोणत्या कमिटीने ते मागितलेले नाही.

कोणी म्हणतात, दोष वाचकांचा आहे, ते भरभर वाचतात. खरे आहे, आणि ते काम आम्हा धर्मशिक्षकांचे, आम्ही ते करीत राहू. पण सावकाश वाचलेला शब्दही घुमटात अडकला तर मुलीने किती तयारी करायची? कोणी म्हणतात, एवढ्या पैशांत गरिबांना मदत झाली असती. हा आक्षेप आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. दानपेटीत घरकाम करणाऱ्या बायांच्या दहा-दहाच्या नोटा असतात. म्हणूनच हा पैसा कमी कोटेशन पाहून किंवा ओळख पाहून खर्च करता येत नाही.

तेव्हा पुढच्या मीटिंगच्या आधी एवढे करा. काँट्रॅक्टरने दोन वर्षांपूर्वी केलेल्या दोन चर्चची नावे मागा आणि तिथे न सांगता मिस्सेला जाऊन मागे बसा. सॅक्रिस्टनला विचारा, बिघाड झाल्यावर हा फोन उचलतो का. मग त्याला आपल्या चर्चमध्ये नमुन्याचे स्पीकर लावायला सांगा आणि दृढीकरणाच्या वर्गातल्या एका मुलीला वाचनपीठावरून रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचायला द्या. ‘आमच्या स्वर्गातील बापा’ वाचू नका, ते पाठ असल्यामुळे बहिऱ्यालाही ऐकू येते. सोळाव्या अध्यायात नुसती नावे आहेत, फिबीपासून त्रुफैना आणि त्रुफोसापर्यंत, आणि ती अंदाजाने ओळखता येत नाहीत. शेवटच्या बाकावर चार ज्येष्ठांना कागद-पेन्सिल देऊन बसवा, ऐकतील ती नावे लिहू द्या. ते कागद कोटेशनला टाचणीने जोडा आणि मगच फादरांपुढे सहीला ठेवा.