रक्त तपासाल, पण धुळीचे काय?

हिंजवडीत एका बाजूला संगणक कंपन्या व बायोटेक पार्क, तर दुसऱ्या बाजूला त्याच इमारती उभारताना दगडाची धूळ आणि डिझेलचा धूर छातीत भरून घेणारा बांधकाम मजूर! कर्करोगाचा धोका आधीच सांगू पाहणारी रक्ततपासणी उद्या येथे आली, तर ती कोणाच्या कामी येणार, हा आमचा सवाल आहे.

धूर, तंबाखू, काही रसायने पेशीतील गुणसूत्रांची मोडतोड करतात. अशा घटकांना म्युटाजेन म्हणतात. ही मोडतोड दुरुस्त करण्याची ताकद प्रत्येकात सारखी नसते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ टी. सी. शू यांनी १९८९ साली ती मोजण्याची पद्धत मांडली. रक्तातील पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांवर ब्लिओमायसिन हे औषध सोडायचे आणि प्रत्येक पेशीत गुणसूत्रे किती ठिकाणी तुटली ते मोजायचे. तोंड-घसा व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत सरासरीने ही संख्या जास्त आढळली. परंतु सरासरी म्हणजे एका माणसाचे भविष्य नव्हे.

संशोधनाला आमचा विरोध नाही. धोका वेगळाच आहे. असा अहवाल मालकाच्या हाती पडला, तर "तुझे रक्त कमजोर" म्हणून मजुराला घरी बसवले जाईल आणि धूळ मात्र तशीच उडत राहील. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाची लायकी ठरवण्याचा रोग या देशाला नवा नाही. त्याला आता प्रयोगशाळेचा शिक्का नको!

अमेरिकेने २००८ साली जनुकीय माहितीवरून नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती रोखली. मग तेच संरक्षण या तपासण्यांना का नसावे? अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालील मूलभूत हक्क ठरवला आहे. दगडाच्या धुळीतील सिलिका आणि डिझेलचा धूर कर्करोग घडवतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले आहे. त्यासाठी कोणाचे रक्त काढण्याची गरज नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. आधी धूळ व धूर रोखा. तपासणी कामगाराच्या संमतीनेच करा, अहवाल त्याच्याच हाती द्या आणि त्यावरून कोणाची भाकरी हिरावली जाणार नाही असा कायदा करा. कामगार बांधवांनो, कोऱ्या संमतीपत्रावर अंगठा देऊ नका. आधी वाचून घ्या, विचारा, संघटित व्हा!