फालिजनंतर हात कशाने हलतो?

आमच्या नेवाशात फालिजला कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. मोहल्ल्यातल्या एका चाचांची उजवी बाजू दोन महिन्यांपूर्वी गेली. परवा भेटायला गेलो, तर व्यायाम बंद आणि बीपीची गोळीही बंद! चाची म्हणाल्या, "मास्तर, हात चालू करणारी गोळी निघालीय म्हणे. भाचा नगरहून आणणार आहे. मग यांना रोज कशाला रडवायचं?"

ही गोळी म्हणजे फ्लुओक्सेटिन. मूळची उदासीवरची. फ्रान्समध्ये ११८ रुग्णांपैकी निम्म्यांना व्यायामाबरोबर ती तीन महिने दिली, तेव्हा त्यांच्या हातापायांत जास्त सुधारणा दिसली. हे २०११ साली जाहीर झालं आणि आशा वाढली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर ती तपासली. २०१८ मध्ये निकाल आला : फायदा नाही. २०२० मध्ये स्वीडनचं आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनामचंही उत्तर तेच. उलट गोळी घेणाऱ्यांत हाडं जास्त मोडली.

मग औषधं फुकट का? मुळीच नाही. बीपीची, साखरेची, रक्त पातळ ठेवणारी गोळी दुसरा झटका टाळण्यासाठी असते. हात आखडला तर त्यावरही गोळ्या-इंजेक्शनं आहेत. रुग्ण खचला, जेवेना, बोलेना, तर उदासीवर इलाज हवाच. तिथे डॉक्टर फ्लुओक्सेटिनही देऊ शकतात. पण कुठलीही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, आपल्या मनाने बंदही करू नये.

मेंदूचा मेलेला भाग गोळीने जिवंत होत नाही. उरलेला भाग ते काम नव्याने शिकतो, आणि शिकतो तो पुन्हा पुन्हा केल्याने. वर्गात मूल 'अलिफ' गिरवतं, तसंच. पेला उचलणं, वाटीतले दाणे वेचणं, वुजू करताना दुबळ्या हातालाही कामाला लावणं, हा सगळा सरावच. फिजिओथेरपिस्टने दाखवलेलं रोज, थोडं थोडं, पण न चुकता करावं. दुबळा हात धरून मात्र रुग्णाला ओढू नये, खांदा दुखावतो.

चाचींनी आमच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. बीपीची गोळी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. चाचांपुढे आम्ही रिकामा पेला ठेवला. तो दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बोटं त्याच्याभोवती वळली. चाचा म्हणाले, "उद्या या. दहादा करून दाखवतो."