दंडाला मुदत मागणारा पळपुटा नसतो

‘दंड भरायची ऐपत नव्हती, तर गुन्हा कशाला केला?’ फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्यात हा सवाल सर्रास ऐकू येतो आणि तो बिनतोड आहे, असेच बहुतेकांना वाटते. त्यामुळे दंडासाठी मुदत मागणारा माणूस सगळ्यांच्या लेखी पळवाट शोधणारा ठरतो. काही वकीलही हा अर्ज द्यायला बिचकतात. साहेब चिडतील म्हणून पक्षकाराला उसनवारीला पिटाळतात. या समजुतीला कायद्यात आधार नाही, न्यायात तर मुळीच नाही.

कायदा अगदी स्पष्ट आहे. फक्त दंडाची शिक्षा झाली असेल, न भरल्यास कैद असेल आणि पैसे तिथल्या तिथे भरता येत नसतील, तर न्यायालय ३० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकते. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत भरावा आणि दोन हप्त्यांमधले अंतर ३० दिवसांपेक्षा जास्त नसावे, एवढीच अट. तोवर कैद स्थगित राहते आणि माणूस जातमुचलक्यावर, हवा असल्यास जामीनदार घेऊन, सुटतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२४ मध्ये हे होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ मध्येही आहे. म्हणजे मुदत मागणारा कायद्यानेच आखून दिलेल्या वाटेने चाललेला असतो.

मी मुद्दाम कुणालाही कणव येणार नाही असा गुन्हा घेतो. दारू पिऊन मोटारसायकल चालवणारा मजूर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांचा दंड होऊ शकतो. तो व्हावाच, रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाशी खेळणाऱ्याची गय नको. पण २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. १० हजार म्हणजे ३४ दिवसांची पूर्ण मजुरी, तीही घरात चूल पेटली नाही असे धरून. हाच दंड बागायतदाराच्या मुलाला झाला तर तो खिशातून नोटा काढतो आणि जेवायच्या वेळेला घरी पोचतो. दोघांचा गुन्हा एक, दंड एक. मात्र एकाची शिक्षा नाझराच्या टेबलाशी संपते आणि दुसऱ्याची तिथे सुरू होते.

ती कशी सुरू होते, हे जवळून पाहावे. निकाल दुपारी लागतो. पावती दाखवेपर्यंत आरोपीला बाकावर बसवून ठेवतात, शेजारी पोलीस. बाहेर बायको फोन लावत असते: मुकादमाला, भावाला, भिशीवाल्या बाईला. मुकादम पुढच्या हंगामाची उचल म्हणून पैसे देतो, नाहीतर कानातले सोनाराकडे जातात. कोर्ट उठायच्या आत जमले नाही, की कैदेचे वॉरंट. संध्याकाळच्या आत उभा केलेला हा पैसा सगळ्यांत महाग पैसा असतो. गुन्हा नवऱ्याचा, आणि त्याचे व्याज बायको वर्षभर फेडते.

‘मुदत दिली की पैसा बुडाला’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. न्यायालयाचा दरारा राहिला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण पैसा नेमका कशाने बुडतो? हप्ता चुकला तर न्यायालय स्थगित कैद लगेच अमलात आणू शकते. दोरी त्याच्याच हातात असते. उलट, माणसाने दंडाऐवजी पूर्ण कैद भोगली, की मग वसुलीचे वॉरंट एरवी निघत नाही. त्यासाठी विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात, किंवा दंडातून नुकसानभरपाईचा आदेश झालेला असावा लागतो. म्हणजे वसुलीची काळजी असलेल्याने तुरुंगाचा नव्हे, हप्त्याचा आग्रह धरला पाहिजे. फिर्यादीला दंडातून भरपाई मिळायची असेल, तर तिच्याही हिताचे हेच आहे. आत बसलेल्याची मजुरी बुडते. तो तिला काय देणार?

शिवाय दंड न भरल्याची कैद ही मूळ गुन्ह्याची शिक्षाच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात ते बजावून सांगितले: ती दंड न भरल्याबद्दल येणारी वेगळी जोखीम आहे, आणि ती ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप व आरोपीची सांपत्तिक स्थिती पाहिली पाहिजे. ऐपत असून न भरणारा आणि ऐपतच नसलेला यांना एका कोठडीत घालणे या विचाराच्या विरुद्ध जाते.

सरकारलाही हे कळलेले आहे. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत, दंडाअभावी अडकलेल्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम जिल्हा समिती मंजूर करू शकते. योजना चांगलीच आहे, पण ती माणूस आत गेल्यावर धावून येते. जो तीन हप्ते मिळाले असते तर स्वतःच्या कमाईतून फेडून ताठ मानेने बाहेर राहिला असता, त्याला आधी कैदी करायचे आणि मग सरकारी पैशाने सोडवायचे, हा उलटा क्रम आहे.

म्हणून माझी मागणी मुदतीच्या अर्जापुरती नाही. इंग्लंडने १९१४ च्या कायद्याने मुदत देणे हा नेम केला आणि न देण्याला कारण लागू लागले. आपल्या कलमात अजूनही ‘देऊ शकेल’ आहे, तिथे ‘देईल’ हवे. दंड सुनावताच न्यायाधीशांनी स्वतः विचारावे: काय काम करता, रोज किती पडतो, घरी खाणारी तोंडे किती? नकार द्यायचा तर कारण निकालपत्रात लिहावे. तीन हप्त्यांची मर्यादाही सैल करावी, कारण ऊसतोडणी कामगाराच्या हातात पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. आणि हा बदल होईपर्यंत वकिलांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे न पाहता अर्ज द्यावा. निकालाच्या दिवशी तो लिहून खिशात तयार असावा. कोर्ट उठायला तासभर उरलेला असताना कागद शोधत बसायला वेळ नसतो.