विश्लेषण : घरातला एक वायफाय, वापरणारे अनेक… जबाबदारी कोणाची?

सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण होणार असून पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. या काळात घरी उतरणारे पाहुणे आणि भाविक चहापाणी होताच वायफायचा पासवर्ड मागतील. शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहणारे विद्यार्थी तर एरवीही एकच जोडणी चौघापाचांत वापरतात. एका घरगुती जोडणीवर अनेक संगणक कसे चालतात, ती शेजाऱ्याला द्यावी का आणि तिचा गैरवापर झाल्यास चौकशी कोणाची होते, याचा हा आढावा.

एका जोडणीवर अनेक संगणक कसे चालतात?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. सेवा देणारी कंपनी घराला बहुधा एकच पत्ता देते. घरातला राउटर मात्र प्रत्येक संगणकाला आणि मोबाइलला १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा वेगळा, फक्त घरापुरता चालणारा पत्ता देतो. वाड्यातल्या दहा बिऱ्हाडांची पत्रे एकाच घर क्रमांकावर यावीत आणि दारावरच्या माणसाने ती ज्याची त्याला पोहोचवावीत, तसे हे काम चालते. या पद्धतीला ‘नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन’ म्हणतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त वाड्याचा क्रमांक, आतले बिऱ्हाड नाही.

ही सोय घरोघरी कधी आली?

१९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी इतरांना देण्याची सोय होती; पण त्यासाठी तो मुख्य संगणक सतत सुरू ठेवावा लागे. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ ब्रॉडबँड आणले, तेव्हा २५६ केबीपीएस हाच वेग ब्रॉडबँड मानला जात होता. त्याच वर्षी २.४ गिगाहर्ट्झ लहरींचा वायफायसाठी वापर परवानामुक्त झाला. त्यानंतर हे काम राउटरच्या छोट्या डबीकडे गेले. आज ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस आहे.

वापरणारे वाढले की वेग का घटतो?

शंभर एमबीपीएसची योजना म्हणजे घरातल्या प्रत्येकाला शंभर नव्हे, तर सर्वांना मिळून शंभर. चांगल्या दर्जाच्या व्हिडीओ कॉलला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे हिशेबाने पाच-सहा जणांचे काम आरामात व्हायला हवे. तरीही कॉल अडकतो, कारण दोष अनेकदा बाहेरच्या तारेत नसून घरातल्या हवेत असतो. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीची थांबतात. दूरच्या खोलीतला जुना लॅपटॉप संथ गतीने बोलत असेल, तर तो सर्वांचाच वेळ खातो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन आहेत. अपार्टमेंटमध्ये शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांतच दाटी करतात. पाच गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान आहे, पण जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे तो लवकर हार मानतो. त्यामुळे एका जागी राहणारा संगणक आणि टीव्ही तारेने जोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. घरातली लॅन केबल शंभर मीटरपर्यंत काम करते.

शेजाऱ्याला जोडणी देता येते का?

घरातल्या माणसांनी, पाहुण्यांनी वापरणे हा घरगुती वापरच आहे. जोडणीचे बिल भिंतीपलीकडच्या तीन बिऱ्हाडांत वाटून घेणे ही गोष्ट वेगळी. घरगुती योजनांच्या अटींमध्ये जोडणीची पुनर्विक्री करण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते आणि पैसे घेऊन इंटरनेट पुरवण्याच्या व्यवसायाला सरकारची परवानगी लागते. अटींचा भंग दिसल्यास कंपनी जोडणी बंद करू शकते. पण खरा धोका बिलाचा नाही, नावाचा आहे.

नावाचा धोका म्हणजे काय?

महाराष्ट्राने तो २००८ मध्ये पाहिला. २६ जुलै रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे प्रसारमाध्यमांना आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्यातील एका घरापर्यंत पोहोचला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाची चौकशी झाली. त्यांचा असुरक्षित वायफाय दुसऱ्याच कोणी वापरल्याचे पुढे निष्पन्न झाले. ऑगस्टमध्ये माटुंग्यातील महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायचा असाच वापर झाला. त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

तपासाची रीत आजही तीच आहे. कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०२१ पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. पत्त्यांच्या टंचाईमुळे कंपन्या आता अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, तरी नोंदींवरून ग्राहकापर्यंत पोहोचता येते. त्यापुढे, त्या घरातल्या पाचांपैकी कोणी काय केले, हे कंपनीला सांगता येत नाही. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यान् पिढ्या कोण येऊन गेले ते सापडते. घरगुती राउटर मात्र बहुधा काही दिवसांतच सारे विसरतो. दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यासाठी ग्राहक आपोआप दोषी ठरत नाही, पण पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो आणि तपासासाठी संगणक, मोबाइल जप्त होऊ शकतात. विद्यार्थ्यांच्या खोलीत हे विशेष जपायला हवे. ज्याच्या नावावर जोडणी आहे, तो शिक्षण संपवून गावी जातो आणि जोडणी पुढच्या मुलांकडे तशीच राहते. वापर त्यांचा, नाव मात्र याचे.

पैसे घेऊन वायफाय देण्याचा रीतसर मार्ग आहे का?

आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. तिच्यात चहाची टपरी, किराणा दुकान किंवा लॉज ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ होऊ शकते. त्यासाठी परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख ॲपमधून पटवली जाते, म्हणजे भार एकट्या दुकानदाराच्या नावावर राहत नाही. सुरुवातीला अडचण जोडणीच्या दराची होती. अनेक ठिकाणी कंपन्या महागडी व्यावसायिक जोडणी घ्यायला सांगत. ‘ट्राय’ने जून २०२५ मध्ये आदेश काढून २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना अशा केंद्रांना जास्तीत जास्त दुप्पट दराने देणे बंधनकारक केले. रामकुंड, तपोवन परिसरातील छोट्या व्यावसायिकांना सिंहस्थाच्या गर्दीत हा मार्ग उपयोगी पडू शकतो.

घरापुरते काय करावे?

राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड आधी बदलावा. तो अनेकदा डबीच्या तळाशी छापलेला असतो. वायफायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडावी, बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे आणि ते गेले की त्याचा पासवर्ड बदलावा. मात्र या सोयीची मर्यादाही ओळखावी. गेस्ट नेटवर्क आपले संगणक पाहुण्यांपासून वेगळे ठेवते. बाहेर मात्र पाहुण्याच्या वापरावरही आपलाच पत्ता उमटतो. म्हणून खोली भाड्याने देणाऱ्यांनी ओळखपत्राची प्रत आणि मुक्कामाच्या तारखा लिहून ठेवाव्यात. खोली सोडणाऱ्या विद्यार्थ्याने जोडणी बंद करावी किंवा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून द्यावी. घराची किल्ली देताना आपण ती कोणाला दिली हे लक्षात ठेवतो. पासवर्डचेही तसेच करायला हवे.