दर्याचा वाटा कोणाचा?

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाढवण येथे उभारावयाच्या महाबंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपयांचा. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. समुद्रात भराव घालून निर्माण करावयाची भूमी १,४४८ हेक्टर. आणि कंटेनरांसाठी प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ धक्के. आकडे छाती दडपविणारे आहेत यात संशय नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी एवढी रक्कम खर्च करण्याचा निश्चय व्हावा ही गोष्ट सामान्य नव्हे. तथापि आकडा मोठा आहे एवढ्यावरून तो आपल्या घरापर्यंत पोहोचतोच असे नाही. या दर्याच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहत आलेल्या माणसाच्या पदरात यातून काय पडणार, हा प्रश्न बंदर बांधून झाल्यावर विचारून उपयोग नाही. तो आजच विचारला पाहिजे. आणि मुंबईत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांआधी कोणाला असेल, तर तो डिलाईल रोडला आहे.

डिलाईल रोडचा आणि कोकणच्या दर्याचा संबंध काय, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. या रस्त्याला आज कामगार चळवळीचे आद्य पुढारी ना. म. जोशी यांचे नाव आहे. पण लोकांच्या जिभेवर जुनेच नाव टिकून राहिले आहे. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाळी कोणी भरल्या? सावंतवाडी, मालवण, देवगड, राजापूर, गुहागर, खेड येथून निघून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसांनी. एकेका गावाने एकेक खोली धरावी, पाळीपाळीने कामावर जावे, पाळीपाळीने अंग टाकावे, खानावळीत जेवावे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर धाडावी, असा येथील क्रम कित्येक दशके चालला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वीच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य चुली या मनिऑर्डरींवरच पेटत होत्या.

ही माणसे हौसेने गाव सोडून आली नव्हती. कातळावरची जमीन तुटपुंजी, भाताचे पीक एकच, आणि समोर अफाट समुद्र असूनही त्याचे धन हाती राहत नव्हते. मासळी मिळे, पण ती टिकविण्यास बर्फ नसे. ती बाजारात नेण्यास रस्ता नसे. होडी नांगरण्यास धड धक्का नसे. जे दोन प्रहरपर्यंत विकले जाईल ते विकावे आणि उरलेले वाळूवर सुकत घालावे, याखेरीज गत्यंतर नव्हते. संपत्तीच्या शेजारी राहूनही दारिद्र्यात दिवस काढावे लागत, म्हणून कोकणचा तरुण गिरणीच्या भोंग्याला बांधला गेला. डिलाईल रोड हा अशा रीतीने कोकणच्या किनाऱ्यावर न उभ्या राहिलेल्या उद्योगांचा जमाखर्च आहे.

पुढे काय झाले ते येथे कोणास सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप विधिपूर्वक मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. उरली ती जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक घरांसाठी म्हाडास व एक मालकास. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. ज्या आवारांत साच्यांचा खडखडाट चाले तेथे आज कचेऱ्या व उपाहारगृहे झगमगत आहेत. कामगाराचा वाटा कागदावर होता, तोही एका दुरुस्तीने आकसला. संपत्ती आपल्या दारात निर्माण झाली तरी वाटा आधी पक्का केलेला नसेल तर तो मिळत नाही, हा धडा या रस्त्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

हाच धडा समुद्रानेही एकदा दिला आहे. उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी, जानेवारी १९८४ मध्ये, संपादन केलेल्या जमिनीचा न्याय्य मोबदला मागण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई व नवघर परिसरातील शेतकरी रस्त्यावर उतरले होते. गोळीबार झाला व पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूमिपुत्रास परत, हे तत्त्व त्या बलिदानातून आले. परंतु या बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे मिळाली ऑगस्ट २०१४ मध्ये! बंदरातून पंचवीस वर्षे जहाजे ये-जा करीत होती, आणि ज्याच्या मिठागरावर व शेतावर ते उभे राहिले तो शेतकरी कागदाची वाट पाहत होता. शेवा कोळीवाड्यातून उठविलेल्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात जी जागा मिळाली तेथे वाळवीने घरे पोखरली, आणि नव्या पुनर्वसनाची मागणी करता करता एक पिढी म्हातारी झाली. वाढवणच्या मच्छीमाराने या बंदरास विरोध केला तेव्हा त्याला विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचला होता काय?

आमचे म्हणणे कोणी विपरीत घेऊ नये. बंदरे नकोत असे आम्ही म्हणत नाही. मुंबई नावाचे शहरच मुळी बंदराने घडविले आहे. १८७५ साली बांधलेली ससून गोदी आजही पहाटे शहराला मासळी पुरविते. फाळणीनंतर कराची हातचे गेले तेव्हा देशाने कांडला बंदर उभारले, आणि गुजरातने पुढे त्या दिशेने धीमेपणाने पावले टाकून आपला किनारा उद्योगांनी भरला. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीने ७२० किलोमीटर लांब आहे. तो रिकामा ठेवणे हा काही पराक्रम नव्हे. वाढवणला नैसर्गिक खोली आहे व मोठी जहाजे तेथे लागू शकतील, हा मुद्दाही खरा आहे.

पण महाबंदर आणि किनाऱ्याचा विकास या दोन वस्तू एक नाहीत. कंटेनर दिल्लीकडे जावयाचा असतो. तो जहाजावरून यंत्राने उतरतो, यंत्राने गाडीवर चढतो आणि किनाऱ्यावरच्या गावाकडे न पाहता निघून जातो. त्याच्यासाठी आठपदरी रस्ता लागतो. गावच्या होडीसाठी लागणारा लहानसा धक्का त्यातून आपोआप निर्माण होत नाही. उलट, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ साली केंद्रानेच घोषित केला होता. डहाणूसाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ साली बंदरास नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींवर संमती दिली. संमती मिळाली म्हणजे नाजूकपणा संपला असे होत नाही. ज्या पाण्यात भराव पडणार ते पाणी कोणाचे तरी शेत आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव असते. डोल मारणाऱ्या कोळ्याचे नाव कोणत्या उताऱ्यावर आहे?

येथे जपानचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. महायुद्धात होरपळलेल्या त्या देशाने १९४९ साली मासेमारीचा कायदा केला आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यातील मासेमारीचे हक्क गावोगावच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे सोपविले. तेथे भराव घालावयाचा किंवा बंदर बांधावयाचे तर या संस्थांशी बोलणी करून, त्यांच्या हक्काचे मोल देऊन मगच पुढे जावे लागते. जपानमध्ये कारखाने व बंदरे निघाली नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. हक्क मान्य केल्याने विकास अडत नाही; तो फक्त थोडा अधिक सभ्य होतो.

आपल्याकडे काय करता येईल याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. रत्नागिरीत गद्रे यांच्या कारखान्याने साध्या मासळीच्या गरापासून सुरिमी बनवून ती परदेशी पाठविण्याचा धंदा उभा केला. जी मासळी एरवी कवडीमोलाने जाते तिला तेथे किंमत आली. सातपाटीच्या सहकारी संस्थांनी पापलेटाला दलालाच्या हातून सोडवून बाजारपेठ मिळवून दिली. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ज्ञान आहे, उद्यमी माणसे आहेत. नाही तो मधला सांधा. प्रत्येक मासळीच्या गावाला उतरण्याचा धक्का, बर्फाचा कारखाना, शीतगृह, होडी व इंजिन दुरुस्त करणारी कार्यशाळा आणि लिलावाची स्वच्छ जागा, एवढी पाच कामे झाली तर त्या गावातील किती तरुण मुंबईची गाडी धरणार नाहीत! देवगडच्या आनंदवाडी बंदरासारखी लहान कामे वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि महाबंदरांच्या मंजुऱ्या मात्र धडाक्याने सुटतात, हा क्रम उलटा व्हावयास हवा. मासळी सुकविणारी, निवडणारी व विकणारी बाई हीच या धंद्याचा कणा आहे. तिच्यासाठी छप्पर, पाणी व शौचालय नसलेल्या बाजाराला कोणी आधुनिक म्हणू नये.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्याप्रमाणे मच्छीमारासही सवलतीची वीज, कर्ज व विमा मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. त्याच वर्षी जहाजबांधणी व जहाजदुरुस्तीचे धोरणही मंजूर झाले. ज्या किनाऱ्यावर आंग्र्यांच्या व पेशव्यांच्या आरमाराची गलबते बांधली गेली, त्या किनाऱ्याला हे धोरण शोभणारेच आहे. परंतु धोरण छापले गेले म्हणजे विजयदुर्गच्या खाडीत सुताराच्या हाती काम आले असे नाही. कामाची मोजणी मंजुऱ्यांच्या यादीवरून न करता हजेरीपटावरून केली पाहिजे.

मच्छीमारांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. समुद्र अक्षय नाही. केरळात १९५२ च्या करारानंतर नॉर्वेच्या साहाय्याने नींदकरा येथे यांत्रिक होड्या व बर्फाचा कारखाना आला. कोळंबीच्या निर्यातीने पैसा आला, त्यापाठोपाठ ट्रॉलरांची झुंबड आली, आणि लहान होडीवाल्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९८८ साली पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवण्याची पाळी त्या सरकारवर आली. आपल्याकडेही सागरी मासेमारीचा कायदा १९८१ पासून आहे. पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आले. प्रखर दिवे लावून करावयाच्या मासेमारीस केंद्राने २०१७ साली बंदी केली. तरी अंधारात दिवे दिसतातच आणि रापणीवाला रिकाम्या जाळ्याकडे पाहत बसतो. पापलेटाला २०२३ साली राज्यमासा हा मान मिळाला, तो त्याची पिल्लेही बाजारात येऊ लागल्यानंतर! गस्तीच्या नौका पुरेशा नसतील आणि बड्या जाळ्यांचे मालक कायद्यापेक्षा बडे असतील, तर धक्के व शीतगृहे बांधून त्यांत ठेवावयास मासळी कोठून आणणार?

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली: वाढवणचा भराव पुढे सरकण्यापूर्वी बाधित होणाऱ्या प्रत्येक मच्छीमार कुटुंबाची, त्यात मासळी विकणाऱ्या स्त्रियांचीही, नावनिशीवार नोंद व्हावी, आणि मोबदला, शिक्षण व नोकरी यांचा हक्क कायद्याने बांधावा, पुढे कोणा मंत्र्याच्या लेखणीने तो आकसता कामा नये. दुसरी: बंदराच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा दरसाल सातही किनारी जिल्ह्यांतील लहान धक्के, बर्फ व शीतगृहे यांच्यासाठी वेगळा काढावा आणि त्याचा हिशेब गावसभेपुढे वाचला जावा. तिसरी: किनाऱ्यालगतचे पाणी गावच्या मच्छीमार संस्थांच्या हक्काचे मानावे व ते राखण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकावी. यांतील एकही मागणी बंदराच्या आड येणारी नाही.

डिलाईल रोडच्या आमच्या वाचकांस शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत; ज्यांचे आजोबा एका खोलीत वीस जणांबरोबर राहिले त्यांची नातवंडे आता बँकांत, शाळांत व कचेऱ्यांत आहेत. परंतु गावची मंडळे अजून आहेत, गणपती-शिमग्याला गाडीची तिकिटे अजून दोन महिने आधी काढली जातात. ही मंडळे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमवितात, ते चांगलेच आहे. त्यांनी आता आपापल्या गावच्या धक्क्याची, बर्फाच्या कारखान्याची व खाडीच्या हक्काची फाईल कोणत्या टेबलावर अडली आहे हेही विचारावयास लागावे. आमदाराच्या सत्कारात शाल देण्यापूर्वी हा प्रश्न त्याच्या हाती द्यावा. गाव सोडून येणे ही तुमच्या आजोबांच्या पिढीची लाचारी होती. गावी राहणे ही तुमच्या पुतण्यांची निवड व्हावी, एवढ्यासाठी ही खटपट आहे. गिरणीच्या जमिनीचा वाटा आपण वेळीच मागितला नाही. दर्याच्या वाट्याची वेळ अजून गेलेली नाही.