शंकूंचा मेळ

संख्या वाढली म्हणजे बळ वाढतेंच असें नाहीं, हें क्लार्क लेक येथील रेडिओ-दुर्बिणीवरून आमच्या वाचकांस सहज पटेल. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत १९८० च्या सुमारास आकाशांतील रेडिओ-लहरी टिपण्यासाठीं शंकूच्या आकाराच्या ७२० अँटेना रोमन 'टी' अक्षराप्रमाणें मांडल्या होत्या. तिरकी येणारी एकच लहर ३ किलोमीटर लांबीच्या त्या ओळींतील प्रत्येक शंकूस निरनिराळ्या क्षणीं गांठी. ते संकेत तसेच एकत्र केले, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारांत विरून जाई. म्हणून शंकूंवरील मळसूत्री तारा विजेच्या खटक्यांनीं जणूं आंसाभोंवतीं फिरवून प्रत्येक शंकूची लय जुळवीत. शंकू जागचा न हलतां दुर्बिणीची दृष्टि मात्र वळे.

आमच्या मतें हाच न्याय शिक्षणासहि लागू आहे. घर एकीकडे, शाळा दुसरीकडे आणि खाजगी शिकवणी तिसरीकडे ओढूं लागली, तर शिकविणारे वाढूनहि मुलाच्या पदरीं थोडेंच पडतें. नवी शिकवणी लावण्यापूर्वीं पालकांनीं एकदां वर्गशिक्षकांची गांठ घ्यावी, अशी आमची विनंति आहे.