थकलेल्या गळ्यावर व्हाइटनर

मी सरकारी कारकून. वीस-बावीस वर्षं नोंदवह्या आणि फायली सांभाळतोय. आमच्या कचेरीत नवा माणूस रुजू झाला की त्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाते. नोंदवहीत चूक झाली तर ती खोडायची, पण अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, बाजूला छोटी सही आणि तारीख. व्हाइटनर अजिबात लावायचा नाही. चूक झालेला कागद चालतो, व्हाइटनर लावलेला कागद ऑडिटवाला आधी उचलतो.

मंडळी, आज लिहायचंय ते गाण्याबद्दल, पण ही नोंदवही तेवढी लक्षात असू द्या.

2023 च्या डिसेंबरात आमच्या गावच्या देवळापुढे एका नामवंत गायकाचा कार्यक्रम झाला. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाहीच. बैठक पक्की शास्त्रीय, पण ओढा लोकांकडे. नाट्यगीतं, अभंग, मधे सिनेमातली दोन-तीन गाणी, शेवटी भैरवी. घराणेवाले अशांना नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. नाट्यसंगीत तरी दुसरं काय होतं? रागदारी सामान्य माणसाच्या अंगणात आणून ठेवण्याचंच काम होतं ते. मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी 'मत्स्यगंधा' (1964), 'कट्यार काळजात घुसली' (1967) या नाटकांना संगीत दिलं, तेव्हा त्यांना काही कोणी बाटगा म्हटलं नाही.

तर हे गायक सलग तिसऱ्या रात्री गात होते. आधीच्या दोन रात्री दोन वेगळ्या शहरांत. पहाटेचं विमान, मग दुसरं विमान, दुपारी मोपाला उतरले, तिथून गाडीने गावात. चार वाजता ध्वनिचाचणी. कार्यक्रम साडेसहाचा. सुरू झाला पावणेआठला, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आले, बोलले, त्यांच्यानंतर आणखी दोघे बोलले. गायक आत एका वातानुकूलित खोलीत बसून होते, आणि तापलेला गळा हळूहळू थंड होत होता. हे मला कसं माहीत? कारण मी मंडळाचा खजिनदार. पाहुण्यांना फोन लावणाऱ्यांत मीही होतो. मंडळाचं नाव इथे लिहीत नाही, पण आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मी उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गाणं सुरू झालं आणि जाणकारांनी एकमेकांकडे पाहिलं. नेहमी काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एकमध्ये बसला होता. अर्धा सूर खाली. पेटीवाल्याने स्केल चेंजर गुपचूप सरकवला होता. त्यानंतर एकेक खूण दिसू लागली. मुखडा सहगायकांकडे जास्त वेळा जाऊ लागला. तबल्याला दाद मागून मागून त्याचा तुकडा लांबवला गेला. दोन गाण्यांमधलं बोलणं वाढलं. मोठ्याने लावलेला वरचा सूर अजून खणखणीत होता, पण तोच सूर हळू लावायची वेळ आली की नुसती हवा. शेजारचा म्हातारा माझ्या कानात पुटपुटला, "गळो बसला मरे तेचो!"

इथे थोडं शरीरशास्त्र सांगतो, कारण 'गळा बसला' म्हणताना आपल्या मनात साधारणपणे आइस्क्रीम असतं. काळी एकमधल्या पुरुष गायकाने तार षड्ज लावला की त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 277 वेळा एकमेकांवर आपटतात. मंद्र-मध्य सगळं धरून सरासरी दोनशे घ्या आणि दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गाणं फक्त अर्धा तास धरा, तरी आकडा साडेतीन लाखांच्या वर जातो. टाळ्या वाजवून तळहात लाल होतात, तसंच आत होतं. तंतूंना बारीक सूज येते, ते जड होतात. जड तंतू जोर लावला तर हलतात, पण हळुवार हलायला नकार देतात. म्हणून थकलेल्या गळ्यात सर्वांत आधी मरतो तो वरचा नाजूक सूर. उपाय एकच, विश्रांती. आणि दौऱ्यात नेमकी तीच नसते. विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी, झोप तुकड्यातुकड्यांत, रात्री साडेअकराला जेवण, ते पचायच्या आत आडवं होणं, आणि प्रत्येक गावी आमच्यासारखी मंडळी गप्पा मारायला हजर. गाणाऱ्याला गाण्याइतकंच बोलणं मारतं.

आता त्या रात्रीचा मुख्य प्रसंग. पावणेदहाची वेळ. भैरवीतला अभंग. अंतऱ्यात ते तार षड्जावर गेले आणि आवाज फाटला. चक्क चिरकला. त्याच क्षणी आत देवळात शेजारतीची घंटा झाली. मंडपात एक हलका 'अरेरे' उठला. गायक थांबले. हसले. गरम पाण्याचा घोट घेतला. आणि मग जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ते पंचमावर आले आणि तिथेच बसून राहिले. तिथून कोमल धैवत, कोमल निषाद असे षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा फिरले. दर वेळी वाट वेगळी. षड्ज त्यांनी घेतलाच नाही. तो आमच्या प्रत्येकाच्या मनात वाजत होता. माझ्या बाजूचा तो म्हातारा रडत होता. धडधाकट गळा असता तर ते सहज षड्ज लावून पुढे गेले असते, आणि आम्ही टाळ्या वाजवून घरी.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग एका कंपनीने केलं होतं. सातआठ महिन्यांनी ते इंटरनेटवर आलं. वर ठळक अक्षरांत 'थेट मैफल', खाली आमच्या गावाचं नाव. मी हेडफोन लावून बसलो. अंतरा आला. षड्ज लागला. स्वच्छ, गोल, न चिरकलेला. घंटा नाही. 'अरेरे' नाही. पाण्याचा घोट नाही. त्यानंतरचं ते पंचमावरचं बसणंही नाही. तिथे थेट टाळ्या. आमच्या टाळ्या! ज्या आम्ही दुसऱ्याच गोष्टीसाठी वाजवल्या होत्या.

हा व्हाइटनर.

यात तांत्रिक अवघड काही नाही. मंचावरचा प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर जातो. गायकाला नंतर स्टुडिओत बोलावून चार ओळी पुन्हा गाऊन घेता येतात, किंवा दुसऱ्या गावचा तुकडा चिकटवता येतो. तेही नको असेल तर सूर ओढून जागेवर बसवणारी यंत्रणा आहेच. ऑटो-ट्यून 1997 मध्ये आलं, त्याला पाव शतक उलटून गेलं. त्या यंत्राला पियानोच्या बारा पट्ट्या ठाऊक. दरबारीतला आंदोलित गंधार कुठल्या पट्टीवर बसवणार? बेसावध हाताने बसवला तर मींड इस्त्री केल्यासारखी सपाट होते. हल्ली अशी इस्त्रीची गाणी फार ऐकू येतात आणि 'आवाज किती स्वच्छ' म्हणून कौतुकही होतं.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. युरोपात शास्त्रीय गळ्याला स्टेडियममध्ये नेण्याचा मोठा धंदा झाला तो 7 जुलै 1990 नंतर. त्या रात्री रोममध्ये कॅराकॅलाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर एकत्र गायले. संचालनाला आपले मुंबईचे झुबिन मेहता. रेकॉर्ड तुफान खपली. मग मैदानं आली, जागतिक दौरे आले. पण पावारोत्तींची दुसरी बाजू पाहा. शिकागोच्या ऑपेरा संस्थेने 1989 मध्ये त्यांच्याशी संबंध तोडले, कारण आठ वर्षांत ठरलेल्या 41 प्रयोगांपैकी 26 त्यांनी रद्द केले होते. जगाने 'रद्द करणारा' म्हणून त्यांची टर उडवली. पुढे 1992 मध्ये मोदेनाच्या खुल्या मैफलीत ते आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवत होते हे उघड झालं. ते प्रसारण विकत घेतलेल्या बीबीसीने पैसे परत मागितले. आणि फेब्रुवारी 2006 मध्ये ट्युरिनच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला त्यांनी म्हटलेलं गाणंही आधीच मुद्रित केलेलं होतं, हे त्यांच्या मृत्यूनंतर 2008 मध्ये त्यांच्याच संचालकाने पुस्तकात लिहिलं. त्या वेळी ते आजारी होते, थंडी कडाक्याची होती, म्हणून ट्युरिनबद्दल मी बोट दाखवणार नाही. पण क्रम बघा. माणूस 'आज जमणार नाही' म्हणतो तेव्हा आपण त्याला नावं ठेवतो. मग तो टेप लावतो, तेव्हा पुन्हा नावं ठेवतो. त्याने करायचं काय?

आमच्या केरीच्या केसरबाईंनी काय केलं? रेकॉर्डिंगच्या बाबतीत बाई कमालीच्या कडक, आणि 1960 च्या दशकात त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. आज आपण त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका जपून ऐकतो. पण केसरबाईंना परवडलं ते आजच्या गायकाला परवडतंच असं नाही. त्याच्यामागे वादक असतात, त्यांचे संसार असतात. सीझन तीन-चार महिन्यांचा. तारीख सोडली तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. हे मी खजिनदार म्हणून सांगतोय. आमच्या बैठकीत 'तो आयत्या वेळी टांग मारतो' एवढं एक वाक्य एखाद्याचं नाव यादीतून उडवायला पुरतं.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. बालगंधर्व रात्र रात्र वन्स मोअर घेत गायचे, त्यांना नव्हती थकवा-बिकवा म्हणायची चैन! बरोबर. पण त्या काळी नाटक कंपनी गावात मुक्काम करायची, आठवडेच्या आठवडे. आज नागपूर, उद्या बडोदा, परवा फोंडा असा प्रकार नव्हता. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या रात्री कोणी ध्वनिमुद्रित करून 'अचूक' म्हणून विकत नव्हतं. तबकड्या वेगळ्या, त्यासाठी वेगळं गाणं. एखाद्या रात्री सूर हलला तर तो त्या रात्रीपुरता हलला. आज प्रत्येक रात्र कायमची आहे, म्हणून प्रत्येक रात्र निर्दोष हवी, आणि हाडामांसाचा गळा ते देऊ शकत नाही. मग व्हाइटनर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गायकाला आपलं उत्तम रूप मागे ठेवायचा हक्क नाही का? आहे ना. जरूर आहे. त्याने स्टुडिओत बसावं, पन्नास वेळा गावं, एक्कावन्नावं ठेवावं. त्याला मी मान देईन. फक्त त्यावर 'थेट मैफल' आणि माझ्या गावाचं नाव घालू नये. जन्मतारीख सोयीस्कर करून दिलेला दाखला कितीही सुवाच्य असला तरी खोटाच.

आणि 'उत्तम रूप' ठरवणार कोण? कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला, काही वर्षं गाणं बंद पडलं, परतले ते एका फुप्फुसाच्या बळावर. लहान दमाच्या तुटक, धारदार जागा ही त्यांची ओळख झाली. आजचा एखादा उत्साही तंत्रज्ञ त्या वेळी असता तर श्वासाच्या जागा बुजवून त्याने कुमारांना लांब दमाचं करून ठेवलं असतं. (कल्पनेनेही अंगावर काटा येतो.) दमलेल्या शरीराने शोधलेली वाट हे गाणंच असतं. आमच्या मंडपात त्या रात्री जे घडलं ते थकव्यामुळे घडलं. ते कापून कंपनीने आमच्या हातात ठेवला एक षड्ज. असे षड्ज त्याच गायकाच्या दहा रेकॉर्डिंगांत मिळतील.

यात सर्वांत जास्त नुकसान शिकणाऱ्या मुलांचं. माझी पुतणी गाणं शिकते. सगळं शिक्षण मोबाईलवर ऐकून. परवा रडवेली होऊन म्हणाली, "काका, ह्यांचा आवाज कधीच कसा फाटत नाही? माझाच फाटतो." मी तिला आमच्या गावची गोष्ट सांगितली. तिला खरी वाटली नाही. 'थेट मैफल' तिने ऐकली होती ना!

म्हणून यंदाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. आदल्या रात्री दुसरीकडे गायलेल्या कलाकाराची तारीख घ्यायची नाही. भाषणं गाण्यानंतर. आणि रेकॉर्डिंगच्या करारात एक कलम : दुरुस्ती केली तर वर तसं लिहायचं. पहिल्यावर सगळे म्हणाले, तसा कलाकार सीझनमध्ये मिळणारच नाही. दुसऱ्यावर सगळे हसले. तिसरं मंजूर झालं, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

त्या कंपनीलाही मी पत्र पाठवलं. रीतसर, विषय-संदर्भ घालून. त्या अभंगाच्या वर्णनात 'अंतरा नंतर मुद्रित' एवढे तीन शब्द घाला, किंवा आमच्या गावाचं नाव काढा, एवढीच मागणी. शेजारच्या म्हाताऱ्याच्या नातवाने मोबाईलवर केलेलं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. खुर्च्यांची करकर आहे, एक पोर रडतंय, पण घंटा आहे आणि त्यानंतरची ती सहा मिनिटंही आहेत. तेही पाठवायची तयारी दाखवली. दोन महिने झाले, उत्तर नाही. या सोमवारी स्मरणपत्र क्रमांक एक जाईल.